जांभळी किनार

“रंग चुकला म्हणजे माणूस चुकला, मास्तर,” असं म्हणत ते नखाने माझी शिलाई तपासायचे. शरणपूर रोडला माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि ते जवळच्या चर्चचे फादर. मी हिंदू, माळ्याच्या घरातला. त्यांच्या धर्मगुरूंमधल्या मानाच्या पायऱ्या मला त्यांनीच शिकवल्या. फादरचा झगा नुसता पांढरा. त्याच्या वर मोन्सिन्यॉर. हा मान रोमहून येतो आणि झग्याला जांभळी किनार लागते. बिशपला जांभळी गोल टोपी नि अंगठी. त्याच्या वर आर्चबिशप. कार्डिनल लाल. “आणि पोप परत पांढरा,” ते हसून म्हणायचे, “पण तिथवर तुमची कात्री पोचायची नाही.”

हसणं तेवढंच. एका नाताळात सुरगाण्याकडचा त्यांचा प्रचारक, पाड्यांवर प्रार्थना घेणारा साधा गृहस्थ, पांढरा झगा घालून आला. कापड गावकऱ्यांनी हौसेने दिलेलं, शिवला मी. फादरांनी त्याला चर्चच्या अंगणात, बायकोदेखत अडवलं.

“दीक्षा कधी झाली तुझी?”

“नाय झाली, फादर. लोकांनी दिला म्हनून...”

“काढ.”

आत फाटकी बनियन होती. तो तसाच शेवटच्या बाकावर बसला. त्याच्या हातांवर थंडीने काटा आला होता. मी शेजारीच होतो, अंगात स्वेटर घालून. तो मी काढून दिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुणकुण आली, की इथल्या एका फादरला मोन्सिन्यॉर करणार. सगळ्यांत जुने तेच. “किनारीचा एक शिवून ठेवा. कुणाला बोलू नका,” म्हणाले. माप मला पाठ होतं. झगा घालून बघायला आले तेव्हा आरशासमोर इतका वेळ उभे राहिले, की मी बाहेर चहा पिऊन आलो.

पंधरा दिवसांनी परत आले ते एका तरुण फादरला घेऊन. हा पूर्वी त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी त्याला चारचौघांत रडवलेलं मी पाहिलं होतं.

“तो झगा ह्यांच्या मापाचा करा,” ते म्हणाले. “मान ह्यांना मिळालाय.”

तरुणाने झगा अंगावर चढवला. “पोटात फारच ढगळ आहे,” तो गोड हसला. “फादर, जरा टाचण्या धरता?”

“हो, मोन्सिन्यॉर,” ते म्हणाले, आणि टाचण्या तळहातावर घेऊन माझं काम संपेपर्यंत त्याच्यामागे उभे राहिले.

पुढे त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली. वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात भेटायला गेलो तेव्हा एक मावशी त्यांना पेज भरवत होत्या. ते तोंड मिटून शेजारच्या खाटेकडे बघत होते. तिथे एक निवृत्त बिशप पडून होते.

“रोजचा हट्ट ह्या बाबांचा,” मावशी वैतागल्या.

“त्यांना आधी भरवा,” मी म्हणालो. “ते बिशप आहेत. त्यांच्याआधी हे खाणार नाहीत.”

मावशी खो खो हसल्या. “इथं कुठला बिशप? दोघांचं हागलेलं मीच काढते.”

त्यांनी दोन बोटांनी फादरांचे गाल दाबले आणि चमचा आत सारला. पेज हनुवटीवरून गळ्यावर ओघळली. फादरांनी गिळली नाही. त्यांची नजर शेजारच्या खाटेवरच होती.