सुगंधाच्या अंगठ्याची हजेरी

भूतखेत, करणी, अंगात येणं... हे सारं मी जन्मभर हसण्यावारी नेलं. आजही नेतो. बाकीचे लोक तुमच्या मासिकात पांढरी साडी अन् पैंजणं लिहितात. मले तसलं काही दिसलं नाही. मले दिसला एक अंगठा. चौथी शिकलेला माणूस आहो, चुकलंमाकलं समजून घ्या. पण खोटं म्हणाल तर ऐकून घेणार नाही — आधीच सांगतो.

गोष्ट सत्तर-बाहत्तरच्या काळातली. नागपूरजवळ वाडीले, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आम्ही दोघं नवराबायको कामाले होतो. मी ट्रकवर पोती चढवायचो, सुगंधा फाटकी पोती दाभणानं शिवायची. सकाळी आठले हजेरीचं मस्टर निघे. मी सही करायचो, ती अंगठा मारायची. अन् अंगठ्याची शाई कानावरच्या केसाले पुसायची. सारेच अंगठेवाले तसे पुसत. पण तिचे केस पांढरे, म्हणून कायम निळा पट्टा दिसे.

मी चिडवायचो, "अंगठाबहाद्दर!"

"अजी, तुमची सही कोनीबी मारन. माहा अंगठा मारून दाखवा म्हना कोनाले!"

खरंच होतं. दाभण लागून तिच्या अंगठ्याले तिरपा चिरा पडला होता. ठसा उमटला की मधात पांढरी रेघ.

मग तिले काविळीनं धरलं. अकरा दिवस दवाखान्यात. नर्सबाईनं केस धुऊन दिले, पट्टा पार निघाला. अन् हिले घोर कशाचा? "माहा खाडा पडून राहिला जी." बाराव्या दिवशी सकाळी सहाले गेली... माझ्या हातात हात होता. दुपारी घरी आणेपर्यंत मी तिच्याजवळून हललो नाही.

आंघोळ घालताना माझी बहीण म्हणाली, "दादा, वहिनीच्या कानावर हे निळं काय हाय गा? निघून नाही राहिलं."

मी म्हटलं, औषध असन. राहू दे.

तेरवी करून कामावर गेलो तर मस्टरवाल्या बाबूनं पान उघडून ठेवलेलं. ती गेली त्याच तारखेच्या घरात तिचा अंगठा. पांढऱ्या रेघेसकट.

"कवडू, हे काय गा?"

"तिचा अंगठा."

"ती सहाले मेली म्हणतोस. मग आठले इथं कोण आलं?"

"मस्टर तुमच्या हातात होतं बाबू, तुम्हीच सांगा."

त्याचं तोंड उतरलं. रांगेत गर्दी होती म्हणे. त्यानं मान वर केलीच नव्हती. अंगठे पाहिले, तोंडं नाही.

शेठनं पोलीस खात्यातला एक रिटायर माणूस आणला, ठसे ओळखणारा. त्यानं जुने ठसे अन् हा ठसा भिंगाखाली धरला, तासभर. म्हणाला, "शंख तोच, चिरा तोच. दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही."

शेठ माझ्यावर उलटला. "मुर्दे का अंगूठा लगाया तूने!" मी लावणार कसा? मस्टर वाडीले कुलपात, बाई दवाखान्यात, मधात अर्धं नागपूर! अन् शेठनं कागद पुढं केला — ठसा बनावट आहे, मीच केला, असं लिहिलेला. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको.

मी म्हटलं, "मुर्द्याचा असन तर बनावट कसा? अन् बनावट असन तर तिचा कसा? आधी एक काहीतरी ठरवा."

बाबू कानाशी आला. "कर ना गा सही. गेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

"मले पडते. खाडा नको म्हणून तळमळली बाई. आली ती आली. तिले खोटी मी काहून म्हणू?"

कागद सरकवला. मस्टर ओढलं. सकाळी कामावर आलो होतो, त्याची माझी हजेरी अजून बाकी होती. सही नाही केली. जन्मात पहिल्यांदा अंगठा मारला, सगळ्यांच्या समोर, अन् शाई पुसाले हात कानावर नेला...

तिथंच थांबला हात. बहिणीनं दाखवलेलं निळं तेव्हा आठवलं.

नोकरी गेली. वॉर्डात जाऊन विचारलं — सलाईन अन् गोळ्या, निळं औषध लावलंच नव्हतं म्हणे. किती वर्षं झाली, उलगडा नाही. शिकलेल्यांनी पाहिजे ते नाव द्यावं त्याले. भूत म्हणू नका एवढंच. कामावर आली होती माझी बायको.