आठ दिवस पसंतीवर

हे मी सांगायचं नव्हतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निक्षून बजावलं आहे, "गिऱ्हाइकाची गोष्ट दुकानाच्या पायरीखाली उतरता कामा नये." आजवर ती उतरली नाही, कारण मला चारचौघांत बोलताच येत नाही. तोंड उघडलं की कान तापतात आणि पुढचं सगळं विसरतं. पण शाळेच्या हस्तलिखितासाठी आमच्या बाई म्हणाल्या, "वर्गात गप्प बसणाऱ्या मुलींनी तरी लिहा गं." आणि लिहिण्याबद्दल दादा काहीच बोलले नव्हते!

शिवाय या गोष्टी साठतात हो. नसरापूरला आमचं दुकान आहे. कंदील, बॅटऱ्या, स्टो, गजराची घड्याळं, शेवयांची मशीनं असला माल. यातल्या बऱ्याच वस्तू आसपासच्या गावांत अजून कुणी वापरलेल्या नाहीत. म्हणून दादांची पद्धत अशी, की नवी वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची नाही. "आठ दिवस पसंतीवर न्या. पटली तर ठेवा, नाही तर परत आणा." वस्तू जाताना तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर घरच्या मालकाचं नाव, गाव आणि वार. माझं अक्षर बरं आहे म्हणून शाळा सुटल्यावर चिठ्ठ्या लिहायला मी बसते. वस्तू परत आली की चिठ्ठी सोडून टाकता येते. तिच्याबरोबर आलेली गोष्ट कुठं टाकायची?

आणि इतक्या घरांत वस्तू जायच्या, पण एका घरात आठ दिवससुद्धा काही गेलं नव्हतं. ते घर आमचं! दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून आमचं स्वयंपाकघर. तिथं चूल. आईचे डोळे बाराही महिने लाल. भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "धूर टाळा बाई, नाही तर नजर अधू होईल." तेव्हापासून आई स्टो मागायची आणि दादा म्हणायचे, "दुकानातला माल घरात आला, की तो जुना झाला."

घरच्यांची सोडून बाकी माणसांची नावं मी बदलली आहेत. गावांची बदललेली नाहीत, कारण गावं रागावत नाहीत.

* * *

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. तिथले म्हाकूबाबा एकदा आले. मेंढरांवर वाघरू येत होतं, म्हणून त्यांना उजेड हवा होता. दादांनी बॅटरी दाखवली. बटण दाबलं की उजेड! म्हाकूबाबांनी ती ओंजळीत धरली आणि पिल्लू न्यावं तशी घोंगडीत गुंडाळून नेली.

तिसऱ्या दिवशी परत. बॅटरीच्या खाचाखाचांत राख.

"मेली," म्हाकूबाबा म्हणाले.

"कशी काय मेली?"

"सकाळच्याला मेंढरं सोडताना चुलीतल्या राखंत पुरून ठिवली. आमी इस्तू तसाच जपतो न्हवं? सांजच्याला उकरून काढली. लई फुकली, पर पेटंना!"

"अहो, पण बटण बंद केलं होतं का?"

"इस्तू कदी कुणी बंद करतंय व्हय?"

दादांनी नवे सेल घातले. दाबून दाखवलं, बंद करून दाखवलं, पुन्हा दाबून दाखवलं. म्हाकूबाबांनी स्वतः एकदा दाबून बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हंजी गप पडून ऱ्हाती आन् हाक मारली की उठती! मग आदी सांगायचं की, ह्यो इस्तू न्हाई, कुत्रं हाय म्हून!"

बॅटरी त्यांनी ठेवून घेतली. रात्री जेवताना दादांनी ही गोष्ट हसत हसत सांगितली. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "धनगरवाड्यापर्यंत गेला म्हणायचा माल. भिंतीपलीकडे कधी येतो बघू."

* * *

विंझरच्या एका आजींनी गजराचं घड्याळ नेलं. सून पहाटे उठत नाही, ही त्यांची तक्रार. दादांनी चारचा गजर लावून दिला.

आठव्या दिवशी आजी एसटीनं आल्या. घड्याळ फडक्यात बांधलेलं, तरी त्यांच्या मांडीवर टिकटिकत होतं. त्यांनी ते फळीवर ठेवलं.

"चालत नाही का?" दादांनी विचारलं.

"चालतंय की. चांगलं ठणाणा करतंय."

"मग सून उठत नाही?"

"सुनंला ऐकूच जात न्हाई. त्यो आवाज झाला की मी उठती, आन् मी सुनंला उठवती."

"मग झालं की काम!"

"दादा, ह्येच्या आदीबी मीच उठवत व्हते. तवा मला रोज चावी द्यायला लागत नव्हती!"

* * *

गॅसबत्तीचा किस्सा शिवऱ्याचा. वैशाखात एक पाटील बत्ती पसंतीवर घेऊन गेले. आठ दिवसांनी परत. "डोळ्यावर येतीया." दुसऱ्याच दिवशी त्यांचे चुलतभाऊ तीच बत्ती घेऊन गेले. आठ दिवसांनी परत. "आवाज लई करतीया." मग त्यांचे मेहुणे. त्यांनाही पटली नाही.

चौथी चिठ्ठी लिहिताना माझ्या लक्षात आलं, की परत आलेल्या बत्तीच्या जाळीत दर खेपेला तांदळाचे दाणे अडकलेले असतात. पिवळे. हळद लागलेल्या अक्षता! पण तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून मी ते दाणे कागदावर काढून दादांपुढे सरकवले.

दादांनी चौथ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "काय हो, तीन लग्नं उरकली ना या बत्तीत? आणि पसंत कुणालाच पडली नाही?"

तो गृहस्थ अजिबात गडबडला नाही. "नवऱ्या पसंत पडल्या की तिनीबी! बत्तीचं काय घिऊन बसलाय?"

दादांनी लगेच नियम केला. लग्नसराईत बत्ती पसंतीवर मिळणार नाही.

"चालतंय की," तो म्हणाला. "माझ्या घरी बारसं हाय!"

* * *

शेवयांच्या मशीनवर दादांचा फार जीव. पाटाला स्क्रूनं आवळायचं, वरून पीठ घालायचं, हँडल फिरवायचं. आमच्याच आळीतल्या यमुनाकाकूंनी ते नेलं आणि चारच दिवसांत परत आणलं.

"बिघडलं?"

"न्हाई वो. दर साली आमी पाचजणी बसतो, दोन दिस लागत्यात. औंदा म्या एकटीनं दुपारच्या आत संपवल्या."

"मग हे चांगलं नाही का?"

"काय चांगलं? वर्साचं सगळं बोलायचं तसंच ऱ्हायलं की! त्या नव्या मास्तरणीचं तर म्या अजून कुणाला सांगितलंबी न्हाई!"

दादांनी मशीन परत घेतलं. मास्तरणीचं काय ते मात्र काकूंनी तिथंच फळीला टेकून, आतल्या दारात आलेल्या आईला सांगितलं. त्याला शेवयांइतकाच वेळ लागला.

* * *

आता स्टो. स्टोची एक गंमत फक्त मला माहीत होती. दादा स्टो विकायचे, पण स्वतः कधी पेटवायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "पंप तुम्हीच मारा. तुमचा हात बसला पाहिजे ना!" आणि स्वतः फळीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. ज्योत एकदा भस्सकन वर आली, तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर पोचले होते! वस्तू घरात जुनी होते, हे नुसतं म्हणण्यापुरतं. खरं कारण भीती. आईला हे सांगावं असं फार वाटायचं, पण जीभ उचलत नव्हती.

त्या महिन्यात आईला तांदळातले खडे दिसेनासे झाले. ती सूप माझ्याकडे सरकवायची आणि "तूच निवड गं" म्हणून दुसरीकडे बघायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मी चिठ्ठ्या लिहीत होते. एवढ्यात पायरीवर आई! मागच्या दारानं बाहेर पडून, बोळातून वळसा घालून, डोक्यावर पदर, हातात पिशवी. शिवऱ्याच्या एका बाईच्या मागं ती मुकाट्यानं उभी राहिली. नंबर आला.

"काय पाहिजे?" दादा खाली बघूनच म्हणाले.

"स्टो. पसंतीवर."

दादांनी वर पाहिलं. बाजारकऱ्यांपुढे "घरात जा" म्हणायची सोय नव्हती. ते अगदी दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, "स्टोवर भाकरी होत नाही, बाई. निखाऱ्यांशिवाय फुगत नाही."

"भाकरी चुलीवर करीन," आई म्हणाली. "डाळ, भात, दूध, चहा यांना धूर कशाला?"

शिवऱ्याच्या बाईला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. ती आईच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "रेटून धर गं बाय! लई ग्वाड बोलतोय दुकानदार!"

लोक हसले. दादांनी घसा साफ केला आणि हुकमाचं पान टाकलं.

"बरं. चिठ्ठीवर मालकाचं नाव लागतं. नाव सांगा."

माझा टाक थांबला. लग्न झाल्यापासून आईनं दादांचं नाव असं सरळ कधी घेतलेलं नाही. दादांचं नाव शंकरराव. म्हणून शंकराच्या देवळाला ती महादेवाचं देऊळ म्हणते. इतकंच काय, शंकरपाळ्यांनासुद्धा ती "दिवाळीतली ती चौकोनी" म्हणते!

"नाव नाही, तर वस्तू नाही," दादा मिशीत हसत म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

आईनं पिशवी खाली ठेवली. पदर सारखा केला. लाल डोळ्यांनी सगळ्या दुकानावरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चुलीपुढं फुंकून फुंकून धुरात गेलं वय,
शंकररावांच्या दुकानात स्टो, त्यांच्याच घरात नाय!"

शिवऱ्याच्या बाईनं कपाळावर हात मारला. "आगं बया! म्हंजी ह्यो तुझाच दादला व्हय!" आणि मग जो हशा झाला, तो ऐकून रस्त्यावरची माणसंसुद्धा आत डोकावली. दादांचे कान लालभडक झाले. माझे कान कुणावर गेलेत ते मला त्या दिवशी कळलं.

"लिही," दादा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी लिहिलं. आईनं चिठ्ठी बांधलेला स्टो उचलला आणि पुन्हा बोळातून वळसा घालूनच निघाली. आतलं दार उघडंच होतं, पण ती म्हणाली, "गिऱ्हाईक आहे मी. पुढच्या दारानं आले, पुढच्या दारानं जाणार."

पहिल्या सकाळी स्टो भरभरायला लागला तेव्हा दादा अंगणात होते. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आले. सहाव्या दिवशी त्यांनी आत येऊन आईच्या हातातलं सूप बघितलं. तांदूळ ती स्वतः निवडत होती. अगदी सावकाश, पण स्वतः.

आठव्या दिवशी मात्र दादा टोपी घालून, कोट चढवून, अंगणाकडून रीतसर आले. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "काय बाई, पसंत, का परत नेऊ?"

आई उठली. तिनं स्टोच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सोडली, दादांच्या जवळ गेली आणि तीच चिठ्ठी त्यांच्या कोटाच्या गुंडीला बांधली.

"स्टो ठेवते," ती म्हणाली. "आता आठ दिवस हे."

आज त्यातला पाचवा दिवस. पहाटेपासून दादा आत काय करताहेत ते मी सांगणार नव्हते, पण काल त्यांनी पहिल्यांदाच एकट्यानं आणि डोळे न मिटता स्टो…

"शालूऽऽ! अगं, दूध वर आलं आणि ज्योत खाली गेली! पिन कुठं आहे? तुझी आई नुसती बसून हसतेय!"

आले, दादा! पंप मारू नका, आधी ती हवेची चावी सैल…