डेल्फाने आमच्यासाठी काडीही हलवली नाही

"कागदाला डोळे नसतात, त्याला माणूस वाचून दाखवावा लागतो." हे डेल्फा नेपियरचं ठेवणीतलं वाक्य. पहिल्यांदा ऐकताना ते फार शहाणपणाचं वाटायचं. तिसाव्यांदा ऐकताना माणूस तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघू लागायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बकआय ओढ्याच्या खोऱ्यात कुणालाही, कधीही, कुणाची मदत लागलेली नाही. केंटकीच्या या डोंगरांत माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो; पाय नसले तर कुबडीवर, पण स्वतःच्या. तरीही रोज दुपारी डेल्फाच्या ओसरीवर चार-पाच जण बसलेले असायचे. कुणी तिच्या टोमॅटोची चौकशी करायला आलेलं, कुणी यंदा धुकं लवकर उतरलं एवढंच सांगायला. आणि योगायोग बघा, प्रत्येकाच्या खिशात एक सरकारी लिफाफा असायचा. डेल्फा शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून यायची, बीन्सचं पातेलं शेगडीवर चढवायची, चष्मा पुसायची आणि म्हणायची, "हं, दाखवा."

खाण कामगारांच्या छातीच्या आजाराचे भरपाईचे दावे, रेशनची कार्डं, डायलिसिसला नेणाऱ्या गाडीचे अर्ज. पंचवीस वर्षं हे चाललं. मदत मात्र कुणी घेतली नाही.

मग खाण बंद झाली, पोरं गेली, पोरांमागे शाळा गेली, आणि शाळेमागे डेल्फाची नोकरी. एक्कावन्नाव्या वर्षी डेल्फाने जिल्ह्याच्या गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. खोरं मोठ्या मायेने तिच्या पाठीशी उभं राहिलं.

"डेल्फा, डबा घेतलास का गं?" पाद्री लॉन्झोने चर्चच्या दारातून भर रस्त्यात विचारलं. "आणि शू लागली तर बाईंना विचारून जा हो!"

"डबा घेतलाय, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "तुमच्या प्रवचनालाही आणत जाईन. मधेच भूक लागते."

दोन वर्षांत ती पास झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली. आता दोन तासांवरच्या विद्यापीठात जाऊन समाजकार्याची पदवी घ्यायची, एवढंच उरलं होतं. विद्यापीठाने तिचे जुने विषय तपासले आणि बहुतेक मान्य केले. अमान्य केला तो एकच, 'लोकसेवेची ओळख'. लोकसेवेशी तिची ओळख पुरेशी नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा तिने आजवर कुणाची सेवा केली असल्यास तीन नावं द्यावीत, कार्यालय फोन करून खात्री करील.

तिने तीन नावं दिली. पाद्री लॉन्झो, ऐंशी वर्षांची ओमा, आणि मी, एस्टिल. आम्हाला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगणं म्हणजे मागणं झालं असतं, आणि मागायचं नसतं हे तीही याच ओढ्याचं पाणी पिऊन शिकली होती.

तर मंगळवारी माझा फोन वाजला. परका नंबर, गोड आवाज. "डेल्फा नेपियर तुमचे सरकारी कागद भरून देतात, हे खरं का?"

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे असा गोड आवाज आला, की कुणाचं तरी पेन्शन तुटतं, नाहीतर कुणाला तरी बेड्या पडतात.

"बाई," मी म्हटलं, "डेल्फाने माझ्यासाठी आयुष्यात काडी हलवलेली नाही."

"एकदाही नाही?"

"ती माणसांत मिसळतच नाही हो. फार तुसडी बाई."

फोन ठेवला तेव्हा ऊर भरून आला होता. मैत्रिणीला वाचवलं होतं मी.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर डेल्फाने आम्हा तिघांना चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. हातात विद्यापीठाचं पत्र होतं.

"ओमाआत्या, तू त्यांना काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, डेल्फा वारली. चार वर्षं झाली." ओमाने मान ताठ केली. "मेलेल्या माणसाला कोण पकडणार?"

"मी खोटं बोललो नाही," लॉन्झो घाईघाईने म्हणाला. "मी एवढंच म्हणालो, की ती कुणाला मदत करील अशातली वाटत नाही."

मी माझे बूट बघत होतो.

डेल्फा हसली नाही. "शुक्रवारी चारच्या आत तिघांचं सहीनिशी लेखी लागतंय. नाहीतर माझं नाव कापलं जाईल. त्रेपन्न वर्षांची आहे मी. पुन्हा अर्ज करायचं बळ आता माझ्यात नाही."

"मग दे की लिहून," मी म्हटलं. "आम्ही सह्या करतो." पंचवीस वर्षांची सवय.

"माझ्याबद्दलचं मीच लिहू? अक्षर ओळखतात ते." ती पायऱ्या उतरली. "तुमचं तुम्ही लिहा."

बुधवारी सकाळी आम्ही ओमाच्या टेबलाशी बसलो. खोऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला तो पहिला कागद. सरकारचं खाऊ नये असं दर रविवारी बजावणाऱ्या लॉन्झोने लिहिलं, की सहा हिवाळे तो रेशनच्या कार्डावर जगला आणि कार्ड डेल्फाने करून दिलं. आम्ही तो कागद दोनदा वाचला. आनंद एकदा वाचून पुरत नाही. ओमाला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. नवऱ्याच्या अखेरच्या महिन्यात दवाखान्याचं प्रत्येक पत्र डेल्फाने तिला वाचून दाखवलं होतं, आणि वाईट तेवढं वगळलं होतं.

"आणि शेवटी लिही," ओमा म्हणाली, "हे कुणाला सांगू नये."

मग माझी पाळी. माझ्या काळ्या पडलेल्या फुप्फुसांसाठी कंपनीशी मी एकट्याने झुंजलो, ही गोष्ट खोऱ्यात पोरासोरांना पाठ होती. मीच पाठ करून घेतली होती. पहिलं वाक्य लिहायला मला दुपार झाली. 'कंपनीला गेलेली ती चौदा पत्रं मी नाही, डेल्फाने लिहिली.' लॉन्झोने माझ्या खांद्यावरून ते दोनदा वाचलं.

शुक्रवारी सकाळी डेल्फा कागद न्यायला आली. तिने उभ्याउभ्याच वाचलं.

"सोळा होती, एस्टिल. चौदा नाही."

"मग कर दुरुस्त."

"राहू दे. तुझं आहे ते." तिने कागदांची घडी घातली, आणि बराच वेळ ती घडीच नखाने दाबत राहिली.

विद्यापीठाने तिला घेतलं. अर्जदार हयात असल्याची नोंद केली आहे, असंही कळवलं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी, धुकं अजून ओढ्यात झोपलेलं असताना, डेल्फा विद्यापीठाला जायला घराबाहेर पडली. तिची गाडी पलीकडे रस्त्यावर असते. अलीकडून झुलत्या पुलावरून चालत जावं लागतं. तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि फळ्यांवर पाय ठेवला. ओमा खिडकीत होती. लॉन्झो चर्चच्या दारात झाडू धरून उभा होता, झाडत नव्हता. मी काठावर होतो. पूल तिच्या पावलागणिक हलत होता, आणि ती मधोमध पोचली तरी आम्हा तिघांतल्या कुणाला तिला हाक मारायचं सुचलं नाही. मग धुक्यात पिशवी दिसेनाशी झाली, आणि पूल थोडा वेळ एकटाच हलत राहिला.