वेडी बाभूळ आणि आपा

आपांना शिंका सुरू झाल्या की आम्ही खिडकीशी धावायचो. एखादीच आली तर धूळ समजायची. पण लागोपाठ आल्या, की आपा रुमालातूनच ओरडायच्या, "फुलली गो, फुलली!" बाहेर बघावं तर दवाखान्यासमोरच्या वेड्या बाभळी खरंच पिवळ्याधमक झालेल्या असायच्या.

कुवेतमधल्या एका विद्यापीठाच्या दवाखान्यात आपा नर्स होत्या आणि मी लॅबमध्ये. मी पुण्याची, त्या रत्नागिरीकडच्या. आमचे इजिप्शियन डॉक्टरसुद्धा त्यांना आपाच म्हणायचे. इंजेक्शनला घाबरणाऱ्या धिप्पाड मुलांना त्या चक्क मराठीत दटावायच्या आणि ती मुकाट्यानं बाही वर करायची.

फुलवेडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण फुलांनी जीव नकोसा होतो आणि तरी वेड जात नाही, असं माणूस मी हे एकच पाहिलं. बहर आला की तोंडावर मास्क, डोळ्यांवर माझा लॅबमधला गॉगल आणि घट्ट ओढणी, अशा थाटात आपा झाडांखाली फेरी मारायच्या. एका नव्या विद्यार्थिनीनं घाबरून विचारलं, "इथे गॅस सुटलाय का?" आपांनी वर बोट दाखवलं, "फ्लॉवर!"

मी एकदा चिडले. "आपा, कशाला उगाच त्रास करून घेता?"

"अगो, बाहेर बघ. मातीचा रंग, भिंतीचा रंग, आभाळाचा रंग, सगळं एकच. त्यात हिनं पिवळं नेसायचं ठरवलंन, तर कोणीतरी बघायला नको?"

मग एका वर्षी शिंकणाऱ्या मुलांची रांगच लागली. डॉक्टर वैतागले. ही झाडं तोडाच, असं त्यांनी वर कळवलं. विद्यापीठाच्या बागा सांभाळणारे इंजिनिअर पाहणीला आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साक्षीदार आमच्याकडेच आहे," आणि आपांना बोलावलं.

झाडं ऐन बहरात, खिडकी सताड उघडी. आपा लाल नाक आणि वाहते डोळे घेऊन आत आल्या.

"या झाडांचा तुम्हाला त्रास होतो ना?" इंजिनिअरांनी विचारलं.

"मला? छे!"

"मग डोळ्यांत पाणी?"

"घरची आठवण आली."

एवढं बोलून त्यांनी श्वास कोंडला. चेहरा लाल झाला, मग जांभळा. दारात उभ्या उभ्या मी गणपतीला हाक मारली. पण तो तरी काय करणार? शिंक आलीच. कागद उडाले, इंजिनिअरांचा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

"एसी!" आपा छताकडे बोट करून म्हणाल्या. "कधी साफ करत नाहीत मेले!"

एसी बंद होता.

इंजिनिअर हसू दाबत शर्ट पुसू लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "आपा, मुलांचं काय करू?"

तशा आपा खुर्चीत बसल्या. आवाज एकदम खाली आला. "होतो त्रास, डॉक्टर. सगळ्यांत जास्त मलाच होतो. पण इतकी वर्षं इथे एकटी राहते. दरवर्षी न चुकता मला भेटायला येतो तो हा बहरच. मुलांसाठी मागचं दार उघडा, तिकडे बाभळी नाहीत. मी स्वतः तिकडे उभी राहीन. पण ही झाडं तोडू नका."

डॉक्टरांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, "मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे?"

झाडं वाचली. शिंकणारी मुलं मागून येऊ लागली, त्यांना आत घ्यायला आपा तिथे उभ्या. स्वतः मात्र सकाळी पुढच्याच दारानं यायच्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन कायमच्या गावी गेल्या. या मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बाभळीखालच्या बाकावर गेले. आम्ही दोघी तिथेच जेवायचो. सवयीनं मी कडेला सरकून बसले. उरलेल्या बाकावर पाकळ्या पडत राहिल्या.