ज्योत ऐकणाऱ्या ताई

स्फोट होईल म्हणून वाचत असाल, तर आत्ताच सांगतो, होत नाही.

बमरोलीच्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये एक ताई आहेत. त्या गॅसचा बर्नर बघत नाहीत, ऐकतात. "हा बर्नर जर्मनीतल्या एका साहेबाने... थांब, ऐक..." मान तिरकी. त्या थांबल्या की माझाही श्वास थांबतो. मग हवेची रिंग जराशी फिरवतात, पिवळी ज्योत निळी होते, आणि वाक्य पुढे निघतं. "साहेबाने नाही रे, त्याच्या मेकॅनिकने बनवला. नाव साहेबाचं झालं."

मी त्यांची नक्कल झकास करतो. परवा त्या बाहेर गेल्या आणि मी लॅबमधल्या पोरांसमोर मान तिरकी केली. "थांब, ऐक..."

खरंच सूंऽऽ आवाज येत होता. गॅसचं प्रेशर पडलेलं आणि ज्योत नळीच्या आत उतरून तिथेच जळत होती. पोरं हसतच होती. ताई करतात तसाच एका झटक्यात मी गॅसचा कॉक बंद केला आणि बर्नर उचलायला हात पुढे केला.

मागून कोणीतरी मनगट धरलं. ताई!

"नळी तापलीय, गधेडा! नक्कल करतोस ना माझी? मग पुरी कर! मी लावते का कधी लगेच हात?"