पौषातला माझा रविवार

मध्य भारत जाऊन नवा मध्य प्रदेश झाला, त्या हिवाळ्यातला एक रविवार सांगते. ठिकाण उज्जैन, राम घाटाच्या वरच्या अंगाची आमची गल्ली. मी आता नव्वदीला टेकलेय, त्यामुळे मी बोलतेय आणि नात मोबाइलवर टाइप करतेय... चुका दिसल्या तर त्या तिच्या.

राज्य नवं झालं आणि ह्यांचं ऑफिस भोपाळला हललं. राजधानी नवी, साहेब नवे, पण क्वार्टरचा पत्ता नाही. हे तिथे इतर कारकुनांबरोबर एका खोलीत दाटीने राहायचे आणि मी इथे एकटी. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे, सोमवारी पहाटे परत.

रिकामी बसून जीव उबायचा, म्हणून मी माईसाहेबांकडे यात्रेकरूंच्या खोल्या बघायचं काम धरलं. माईसाहेब जुन्या दरबारी घराण्यातल्या. संस्थान गेलं तसं उत्पन्नही गेलं, तेव्हा घाटाजवळच्या घराच्या वरच्या खोल्या त्या यात्रेकरूंना भाड्याने देऊ लागल्या होत्या.

काम साधं होतं. पाहुणे गेले की खोली झाडायची, पुसायची, भैरवगढच्या छापील चादरी बदलायच्या आणि माठ भरून ठेवायचा. संपलं.

पण संपायचं कुठे... "आलीच आहेस तर," असं माईसाहेब सुरू करायच्या. आलीच आहेस तर यांची ओली लुगडी पिळून टाक, आलीच आहेस तर त्यांच्या बाळाला जरा धर. मी कुरकुरले की वर ऐकवायच्या, "तू काय परायी आहेस का? घरचीच ना?" एकदा घरची म्हटलं की पुढे बोलायची सोयच उरत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी... अगदी तशी गत.

एरवीचं सगळं मी गिळलं. पण रविवारी यात्रेकरूंची गर्दी, म्हणून मग रविवारीही सकाळीच निरोप यायला लागला. मी दुपार कलल्यावर घरी पोचायचे, तोवर हे एकटेच भात टाकून, जेवून झोपी गेलेले असायचे. आठवडाभर वाट बघायची आणि शेवटी झोपलेला नवरा बघायचा... मला फार रडू यायचं.

बरं, सांगणार तरी काय? नवरा आलाय, मला त्याच्याजवळ बसायचंय, असं तेव्हा कोणी तोंडाने म्हणत नसे. नवऱ्याचं नावसुद्धा आम्ही उखाण्यातच घ्यायचो.

तेवढ्यात पौष लागला आणि माझं डोकं चाललं. पौषातल्या रविवारी आपल्याकडे बायका सूर्याचं व्रत करतात. मी माईसाहेबांना सांगून टाकलं की यंदा मी व्रत धरलंय, रविवारी सोवळ्यात असेन, झाडूला शिवणार नाही. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. धर्माच्या कामात त्या आड येणं शक्यच नव्हतं. मी घरी आले ती मनातल्या मनात नाचतच.

रविवार उजाडला. हे अंगणात दाढी करत बसले होते आणि मी चहाचं आधण ठेवत होते, एवढ्यात दारात माईसाहेब... सोबत नाशिककडच्या दोन यात्रेकरू बायका.

माईसाहेबांचा चेहरा नुसता खुललेला. "अगं, ह्या सोवळ्याच्या फार पक्क्या आहेत, बाहेरचं खातच नाहीत. मी म्हटलं, फिकर कशाला, आमची सुशीला आज सोवळ्यातच आहे. चल, पूजा माझ्याइथेच करून घे आणि मग ह्यांचा स्वयंपाकही निपटून टाक."

ह्यांनी साबण फासलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. व्रताचं त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी घाईघाईने दुसरी थाप शोधू लागले. बाहेरची झालेय म्हणावं का? पण मग चार दिवस ह्यांच्याजवळही बसता येणार नाही... आणि तिथे मला माझंच हसू आलं. हसू आलं आणि पाठोपाठ असा संताप आला की विचारू नका. माझ्याच नवऱ्याजवळ बसायला मी किती देव आणि किती विटाळ मधे घालणार होते?

"माईसाहेब, व्रत-बित काही नाही," मी म्हटलं. "हे आठवड्यातून एकदाच येतात. रविवारी मला ह्यांच्याजवळ बसायचंय. बाकी दिवस मी येईन, पण रिकाम्या खोल्यांपुरतीच. धुणं नाही, मुलं नाही, स्वयंपाक नाही. जमत नसेल तर दुसरी बघा, माझा राग नाही."

एका दमात सगळं बोलले.

ह्यांचा वस्तरा गालावरच थांबला. यात्रेकरू बायकांनी पदर तोंडाला लावले. माईसाहेब लालबुंद. "शरम नाही वाटत गं, नवऱ्याच्या सामने असं बोलायला?"

"नाही वाटत," मी म्हटलं. खरंच वाटत नव्हती... मलाच नवल वाटलं.

दोघींपैकी वयाने मोठी होती ती बाई पुढे झाली. "चला हो माईसाहेब, आम्ही आमची चूल मांडतो. ह्या दोघांना बसू द्या."

सोमवारी मी धाकधुकीनेच कामाला गेले. जिन्याशी पाहुण्यांच्या ओल्या कपड्यांची बादली होती. माईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनीच ती बादली उचलली आणि मोरीकडे गेल्या. पुढे क्वार्टर मिळून मी भोपाळला जाईपर्यंत तिथेच काम केलं, पण रविवारी निरोप कधी आला नाही.

आणि त्या रविवारी? त्या तिघी गेल्यावर ह्यांनी दाढी पुरी केली, आत आले आणि चुलीपाशी माझ्या अगदी शेजारी येऊन बसले... भर दिवसा, दार सताड उघडं असताना. चहा उतू गेला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

देवाच्या नावाने मागितलेली सुट्टी मला मिळाली नव्हती. स्वतःच्या नावाने मागितली तेव्हा मिळाली, आणि एवढी गोड लागली की आजही रविवार म्हटलं की मला तोच आठवतो.