फिरत्या घोड्याचं दुसरं टोक

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. कोथरूडला एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी बघायला त्या गेल्या होत्या. तिथेच जिन्यात बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. फोन ठेवून हे भिंतीला टेकून उभेच राहिले. मी गॅस बंद केला. त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते महिनाभरानं इथे लिहिते आहे, कारण तोंडानं मला ते कुणाला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता घोड्याचं दुसरं टोक रिकामं झालं... मग मी रडले. पण आधी ते वाटलं.

हडपसरला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे माझे मालक जुन्या मोटारींच्या बॉड्या दुरुस्त करतात. इंजिन, दारं, काचा काढल्या की नुसती पत्र्याची बॉडी उरते, आणि गंज सगळ्यात जास्त तिच्या पोटाला असतो. पूर्वी हे खाली उताणे झोपून तो खरवडायचे. गंजाची भुकटी डोळ्यांत जायची. संध्याकाळी हे ओट्यावर बसायचे आणि मी ओल्या कापसानं त्यांचे डोळे पुसायचे. तेवढा वेळ ते माझ्या हातात असायचे, मुकाट.

कुसुमवन्सं म्हणजे यांची बहीण. यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, माझ्यापेक्षा मोठ्या. नवऱ्याशी पटलं नाही, माहेरी आल्या आणि आठ दिवसांत शेडमध्ये शिरल्या. दहावी शिकलेल्या होत्या. मी चौथी. त्या मोजमाप वाचायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या, साडीवर यांचा जुना शर्ट चढवून पॉलिश पेपर मारायच्या. कुणीतरी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. दोन टोकांना दोन खांब आणि मध्ये गाडीची बॉडी, हवी तशी फिरवता येणारी. त्याला रोटिसरी म्हणतात म्हणे, कोंबडी भाजायच्या फिरत्या सळईसारखी. दोघं बहीणभाऊ पडलेल्या गोदामाचं लोखंड घेऊन आले आणि पाइपात पाइप घालून, ग्रीस भरून तसंच यंत्र करायला बसले. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय हो, मोटार भाजून खाणार का?"

"भाजतो की," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही रस्सा घेऊन या."

सगळे हसले. मी आत चहा गाळत होते. मला असं कधी सुचत नाही, आणि सुचलं तरी बाहेर पडत नाही.

त्या यंत्राला त्यांनी फिरता घोडा असं नाव ठेवलं. पण पहिल्याच दिवशी बॉडी अडवून धरणारी खीळ काढली आणि बॉडी गर्रकन उलटी झाली. यांच्या खांद्याला मार बसला. दोन दिवस दोघं वह्या काढून बसले. मला मात्र खिडकीतून दिसत होतं. पाळण्याची दोरी पाळण्याच्या खालच्या बाजूला बांधली की तो कलंडतो, ती वर घ्यावी लागते. वन्सं पाणी प्यायला आल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "बॉडीला खाली धरलंय. थोडं वर धरलं तर?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं वहिनी! चल, तूच सांग दादाला."

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझा हात धरून ओढला, मी तो सोडवून घेतला. मग त्या एकट्या गेल्या. धरायच्या पट्ट्या वर घेतल्या आणि एवढी मोठी बॉडी एका हातानं फिरू लागली. "कुसे, डोकं हाय तुला!" हे ओरडले. वन्संनी खिडकीकडे पाहिलं. मी दाराआड झाले.

म्हणजे चोरी कुणी केलीच नव्हती. तरी पुढची सगळी वर्षं मी त्यांना चोर समजले. हे गाडीखाली झोपायचे बंद झाले, डोळ्यांत गंज जायचा बंद झाला. कापूस डब्यात पडून राहिला. बाहेरून दोघांचे आवाज यायचे. बॉडीला पीळ बसू नये म्हणून दोन्ही टोकं एकदम फिरवावी लागतात, त्यामुळे एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं खीळ सोडायची. मी त्यांच्या भाजीत मीठ कमी घालायचे. हो, मुद्दाम. त्या गुपचूप वरून घेऊन जेवायच्या.

दहाव्याला गिऱ्हाइकं आली. अशी बाई होणे नाही, म्हणाली. मेल्यावरही त्यांचंच कौतुक, असं मला वाटलं आणि माझी मलाच किळस आली.

नंतर हे पुन्हा शेडमध्ये जाऊ लागले. एक दिवस पाहिलं तर दुसऱ्या टोकाला भंगारातलं चाक आणि साखळी बसवत होते. एकट्याला फिरवता यावं म्हणून. मी दारात उभी होते, दहा पावलांवर. मला विचारण्यापेक्षा त्यांनी चाक आणलं... मी आत गेले आणि म्हटलं, "बॉडी वर धरायचं मी सांगितलं होतं."

"माहीत हाय," हे मान वर न करता म्हणाले. "कुसीनं त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, तिला ओढू नको, लाजते, येईल आपली आपण." मग पाना खाली ठेवला. "लई वर्षं लावलीस."

मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. त्यांनी साखळी उतरवली.

आता दुसऱ्या टोकाला मी असते. तिथल्या फिरवायच्या दांड्याला वन्संच्या साडीची चिंधी गुंडाळलेली आहे, हाताला टोचू नये म्हणून त्यांनी बांधलेली. दांडा त्यांच्या उंचीला आहे, मी विटेवर चढते. मध्ये बॉडी असते, त्यामुळे यांना माझं तोंड दिसत नाही. परवा पलीकडून सवयीनं हाक आली, "कुसे, सोड."

मग ते पलीकडे खाकरले. त्यांनाही कळलं असावं. मला लागलं, फार लागलं. पूर्वीची मी असते तर हात पुसत घरात निघून गेले असते.

"सोडली," मी मोठ्यानं म्हटलं, आणि खीळ काढली.